कस्टर काउंटी, नेब्रास्का: घराण्याचा शोध जमिनीपासून कसा सुरू करावा

माझा जावई ब्रोकन बोचा. नेब्रास्काच्या नकाशात साधारण मधोमध बोट ठेवलं की कस्टर काउंटीतलं हे गाव सापडतं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. आमच्या घरात त्याचं पहिल्याच आठवड्यात 'ब्रोकन बोकड' झालं, आणि जावयाला अर्थ कळल्यावर तोही तसंच म्हणू लागला. नातू चौथीत असताना शाळेने वंशवृक्ष आणायला सांगितला. आईकडची बाजू मी एका बैठकीत लिहून दिली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून उतरवून घेतलेली नावं आमच्याकडे होतीच. बापाकडच्या बाजूला मात्र पणजोबांच्या वर एकच नाव होतं, आणि पुढे कंसात, 'डेन्मार्कहून आले असं म्हणतात'.

त्या 'म्हणतात'चा उलगडा व्हायला मला तीन वर्षं लागली. त्यातली निम्मी वाया गेली, कारण मी नावापासून सुरुवात केली होती. या काउंटीत शोध घ्यायचा तर जमिनीपासून घ्यायचा. लेक-सून अमेरिकन घरात नांदत असेल, नातवंडांना दुसरी बाजूही नीट सांगावी असं वाटत असेल, तर पुढचं वाचा. उदाहरणं कस्टर काउंटीची आहेत, पण कॅन्सस किंवा डकोटाच्या माळावरच्या काउंट्यांतही कागद साधारण हेच असतात.

हाताशी काय हवं

- घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचं पूर्ण नाव, जन्माचं अंदाजे वर्ष आणि जोडीदाराचं नाव.
- जुने फोटो, मागच्या मजकुरासकट. पुढची बाजू तेवढी स्कॅन करून पाठवणारे नातेवाईक सगळीकडे असतात; त्यांना परत पाठवायला लावा.
- घरातलं बायबल. पहिल्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहायची पद्धत होती.
- फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरचं खातं. ते फुकट आहे. अँसेस्ट्री या तशाच दुसऱ्या संकेतस्थळाला पैसे पडतात, पण बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत त्याची वाचनालय-आवृत्ती फुकट वापरता येते. वर्गणी भरण्याआधी वाचनालयात विचारा.
- काउंटीचा मोठा नकाशा, ज्यावर टाउनशिप आणि रेंजच्या रेघा आहेत. त्या काय, ते चौथ्या भागात.
- वही आणि पेन्सिल. पेन्सिलच का, ते पुढे येईल.

१. आधी काउंटीचं वय विचारा

कस्टर काउंटी १८७७ साली झाली. आदल्या वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेलेला लष्करी अधिकारी जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर, त्याचं नाव तिला दिलं. म्हणजे १८७० च्या जनगणनेत ही काउंटी शोधून काही मिळणार नाही. त्या वेळी तुमचे पूर्वज आयोवात असतील, इलिनॉयमध्ये असतील किंवा अजून युरोपात.

दुसरी गोष्ट मी स्वतः ठेचकाळून शिकले. कस्टर नावाच्या काउंट्या अमेरिकेत सहा आहेत: कोलोरॅडो, आयडाहो, मोंटाना, नेब्रास्का, ओक्लाहोमा आणि साउथ डकोटा. पहिले दोन महिने मी कोलोरॅडोतल्या एका निरपराध कुटुंबाचा वंशवृक्ष आमच्या नातवाच्या गळ्यात घालत बसले होते. शोधाच्या प्रत्येक चौकटीत राज्याचं नाव टाका.

तिसरी गोष्ट. इथल्या जुन्या स्थानिक लिखाणात 'रिकाम्या माळावर पहिली माणसं आली' अशी वाक्यं सर्रास भेटतात. माळ रिकामा नव्हता. लूप नदीच्या खोऱ्यात पॉनी हे मूळ रहिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आणि शिकार करत होते. त्यांनी १८५७ च्या करारात उरलेली बरीचशी जमीन सोडली आणि १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. लकोटा या दुसऱ्या मूळ रहिवासी लोकांचाही इथे वावर होता. घराण्याचा इतिहास लिहिताना पहिलं पान इथून सुरू करावं, असं माझं मत आहे. जावयाला ते आधी जड गेलं, नंतर त्यानेच तो परिच्छेद वाढवला.

२. घरच्यांना विचारा, पण ऐकलेलं पेन्सिलीने लिहा

प्रत्येक घरात एक गोष्ट असते. आमच्या व्याह्यांकडे ती प्रिंट ऑलिव्हची. टेक्सासहून आलेला हा गुरांचा बडा मालक. १८७८ च्या अखेरीस ल्यूथर मिचेल आणि एमी केचम या दोन शेतकऱ्यांना त्याच्या माणसांनी फासावर लटकवलं आणि नंतर त्यांची प्रेतं जळालेली सापडली. कुरणवाले विरुद्ध शेतवाले या भांडणातलं हे काउंटीतलं सर्वांत भीषण प्रकरण. व्याह्यांच्या सांगण्यानुसार त्यांचे पणजोबा त्या रात्री जवळच्याच टेकडीवर लपून सगळं पाहत होते.

पुढे जमिनीची फाइल मिळाली. पणजोबा काउंटीत आले एप्रिल १८८४ मध्ये.

व्याह्यांना हे कसं सांगावं याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी कागदच समोर ठेवला. ते हसले आणि म्हणाले, मग दुसऱ्या कुणाच्या तरी पणजोबांनी आमच्या पणजोबांना सांगितलं असेल. तेही खरं असू शकतं. म्हणून ऐकीव गोष्ट खोडू नका, टाकूनही देऊ नका. पेन्सिलीने लिहा, शेजारी कोणी सांगितली ते लिहा, आणि कागद मिळेपर्यंत शाई लावू नका.

३. जनगणना उलटी वाचत या

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि माणसांच्या नावानिशी तपशील ७२ वर्षांनी खुला होतो. सध्या १९५० पर्यंतची पानं पाहता येतात. ती १ एप्रिल २०२२ ला उघडली. सुरुवात तिथून करा आणि मागे मागे या. एकेक दशक पक्कं केल्याशिवाय आधीच्या दशकात पाऊल टाकू नका.

प्रत्येक वर्षाचे रकाने वेगळे. १९०० चा तक्ता सर्वांत गुणी: जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, परदेशातून कधी आले, आणि बाईला किती मुलं झाली, त्यातली किती हयात आहेत. हा शेवटचा रकाना वाचताना जरा थांबा. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं काय आणि आई-वडिलांचा जन्म कुठला, हे मिळतं.

आता मोठा खड्डा. १८९० ची जनगणना जवळजवळ पूर्ण नष्ट झाली आहे. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. काही कागद जळले, बाकीचे पाण्याने भिजले, आणि उरलेले पुढे सरकारनेच निकालात काढले. देशभरातली मिळून सहा हजारांच्या आसपास नावं वाचली. इतर ठिकाणी हे नुकसान आहे, कस्टर काउंटीसाठी हा घातच आहे. कारण १८८० मध्ये इथे सुमारे २,२०० माणसं होती आणि १८९० मध्ये सुमारे २१,७००. १८८६ मध्ये रेल्वे ब्रोकन बोला पोचली आणि लोंढा आला. पुढच्या काही वर्षांत, विशेषतः १८९४ च्या दुष्काळात, कित्येक कुटुंबं गाशा गुंडाळून गेली. १८८३ ला येऊन १८९५ ला गेलेलं कुटुंब दहा वर्षांच्या कुठल्याच जनगणनेत इथे दिसणार नाही.

हा खड्डा बुजवायला दोन छोट्या फळ्या आहेत. नेब्रास्काने १८८५ मध्ये मधली जनगणना केली होती, ती शिल्लक आहे. आणि १८९० मध्येच यादवी युद्धातल्या उत्तरेच्या बाजूच्या सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती, तिची नेब्रास्काची पानं वाचली आहेत. तिसरी फळी म्हणजे जमीन. ती फळी नव्हे, पूलच आहे.

४. जमिनीचा पत्ता वाचायला शिका

आपल्याकडे गट नंबर असतो तसा इथे चौकोनांचा हिशोब आहे. एक टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा पाव सेक्शन, आणि एका कुटुंबाला सहसा एवढाच मिळायचा. टाउनशिपचा आकडा दक्षिणोत्तर जागा सांगतो, रेंजचा पूर्व-पश्चिम. 'ईशान्य पाव, सेक्शन १२, टाउनशिप १८ उत्तर, रेंज २१ पश्चिम, सहावी मुख्य रेखा' (रेंज जिथून मोजतात ती उभी रेघ) एवढं हाती आलं की नकाशावर तो तुकडा पेन्सिलीने रंगवता येतो.

एक फसवी गोष्ट: 'टाउनशिप' हा शब्द कारभाराच्या विभागालाही वापरतात आणि त्याला नाव असतं. जनगणनेच्या पानावर डोक्याशी दिसतो तो बहुधा हा. मोजणीच्या टाउनशिपला आकडा असतो. दोन्हींच्या सीमा नेहमी जुळतातच असं नाही.

आणि गावांच्या नावांवर फार विसंबू नका. पोस्ट ऑफिस म्हणजे बऱ्याचदा एखाद्या शेतकऱ्याच्या घरातली एक खोली असायची. पोस्टमास्तरने काम सोडलं की ते दुसऱ्याच्या घरी जायचं किंवा बंद पडायचं, आणि त्याबरोबर 'गाव'ही. पत्रावरचं गाव नकाशात सापडलं नाही म्हणून पत्र खोटं ठरत नाही.

५. सनद शोधा, मग फाइल मागवा

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू शकत होती. तो नागरिक असावा किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने कोर्टात जाहीर केलेला असावा. पाच वर्षं राहायचं, जमीन कसायची, घर बांधायचं, एकूण १८ डॉलरच्या आसपास फी भरायची. अविवाहित स्त्रिया, विधवा, गुलामगिरीतून सुटलेली माणसं, सगळ्यांना दावा करता येत होता. शेवटी सरकार जो कागद द्यायचं त्याला म्हणतात 'पेटंट'. शोधबिध लावल्याचं पेटंट नव्हे. आपल्या भाषेत सनद.

पायऱ्या अशा:

- ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या संकेतस्थळावर राज्य, काउंटी आणि आडनाव टाका. फुकट आहे.
- सनदेवरून चार गोष्टी लिहून घ्या: जमिनीचा पत्ता, लँड ऑफिसचं (म्हणजे दावे नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं) नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि कोणत्या कायद्याखाली मिळाली.
- या चार गोष्टींवरून मूळ दाव्याची फाइल शोधा. मूळ फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत.

पैसे भरून फाइल मागवण्याआधी ती ऑनलाइन आहे का ते पाहा. नेब्रास्काच्या होमस्टेड फाइलींचं डिजिटायझेशन झालं आहे आणि फोल्ड थ्री या संकेतस्थळावर त्या पाहता येतात. मी ते न पाहता मागवली, वाट पाहिली, आणि पाकीट येण्याच्या आदल्या दिवशी तीच फाइल वाचनालयाच्या संगणकावर दिसली.

लँड ऑफिसचा घोळ लक्षात ठेवा. ब्रोकन बोचं लँड ऑफिस १८९० मध्ये सुरू झालं. त्याआधीचे दावे ग्रँड आयलंड किंवा नॉर्थ प्लॅटला जायचे. जमीन कस्टरमधली, कागद तिसऱ्याच गावाच्या नावावर.

दुसरा घोळ: सनदेची तारीख म्हणजे येण्याची तारीख नव्हे. आमच्याकडे आगमन १८८४ चं, अंतिम पुरावा (अटी पाळल्याची शेवटची साक्ष) १८८९ चा आणि सनद १८९१ ची. ऑनलाइन वंशवृक्षांत लोक बिनदिक्कत '१८९१ मध्ये नेब्रास्कात आले' असं लिहून ठेवतात, आणि मग ते एकमेकांचं पाहून दहा जण उतरवतात.

६. फाइल सावकाश वाचा

फाइल म्हणजे अर्ज, पावत्या, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना, आणि अंतिम पुराव्याची प्रश्नोत्तरं. ही प्रश्नोत्तरं म्हणजे जवळजवळ पंचनामा. दावेदाराला आणि दोन साक्षीदारांना सारखेच प्रश्न विचारलेले असतात. घर केवढं? दारं-खिडक्या किती? नांगरट किती? पिकं कोणती? घरात माणसं किती? मध्ये जमीन सोडून कुठे गेला होतात का, आणि का?

आमच्या पणजोबांचं घर १६ फूट बाय २४ फूट, सॉडचं. या माळावर लाकूड नव्हतं. मग गवताच्या मुळ्यांनी घट्ट धरलेल्या मातीचा थर नांगराने कापायचा, त्याच्या लांबट विटा पाडायच्या आणि त्या रचून भिंती उभ्या करायच्या. लोक थट्टेने तिला 'नेब्रास्काचा संगमरवर' म्हणायचे. एक दार, दोन खिडक्या, गोठा, विहीर, ४५ एकर नांगरलेली. १८८८ च्या उन्हाळ्यात दोन महिने जमिनीवर नव्हते, कारण रेल्वेच्या कामावर मजुरीला गेले होते, बायको-मुलं इथेच. अशी वाक्यं कुठल्याच वंशवृक्षात नसतात.

'पत्नी आणि चार मुलं' असं उत्तर होतं. घरच्या बायबलात त्या वर्षापर्यंत तीनच नावं. मी आधी कारकुनाची चूक समजले. मग १९०० च्या जनगणनेतला तो रकाना आठवला: झालेली मुलं सात, हयात पाच. व्याह्यांच्या बहिणीला विचारलं तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांची आजी दर वसंतात शेताच्या एका कोपऱ्यात जाऊन बसायची, एवढंच त्यांना आठवत होतं. त्या मुलाचं नाव अजूनही सापडलेलं नाही. वहीत त्याच्यासाठी एक ओळ रिकामी ठेवली आहे.

फाइलीत आणखी दोन गोष्टी न चुकता पाहा. पहिली, नागरिकत्वाचे कागद. परदेशी माणसाला ते जोडावेच लागायचे, त्यामुळे कोणत्या कोर्टात, कोणत्या वर्षी इरादा जाहीर केला ते कळतं. मात्र सप्टेंबर १९०६ च्या आधीच्या कागदांवर बहुतेक वेळा नुसता देश असतो, गाव नसतं. आमच्याकडेही फक्त 'डेन्मार्क'. बायकोचे वेगळे कागद शोधत बसू नका. १९२२ पर्यंत लग्न झालेल्या स्त्रीचं नागरिकत्व सहसा नवऱ्याबरोबर यायचं.

दुसरी गोष्ट साक्षीदार. जाहीर सूचनेत चार शेजाऱ्यांची नावं असायची, त्यातले दोघे साक्ष द्यायचे. हे 'कुणीतरी शेजारी' नसतात. मेव्हणा असतो, एकाच बोटीने आलेला असतो, नाहीतर पुढे व्याही होणारा असतो. त्या चौघांच्याही फाइली काढा. आमच्या कुटुंबाचं डेन्मार्कमधलं गाव एका साक्षीदाराच्या निधनवार्तेत सापडलं. तो पणजीचा भाऊ निघाला. मग डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या चर्च-नोंदवह्या उघडल्या. त्या फुकट आहेत. तिथेही एक गंमत आहे: खेड्यांत बराच काळ बापाच्या नावावरून आडनाव पडायचं, म्हणजे पेटरचा मुलगा पेटरसन, पण त्याचा बाप असेल येन्सन. आपल्याला मधलं नाव बापाचं असायची सवय आहे, म्हणून हे चटकन कळतं. अमेरिकन नातेवाइकांना समजवायला मला एक संध्याकाळ लागली.

७. सनद सापडलीच नाही तर

निराश होऊ नका. सनदांच्या यादीत शेवटपर्यंत टिकलेलेच दिसतात. मध्येच सोडून गेलेल्यांचे दावे रद्द व्हायचे, पण नोंद राहायची, ती ट्रॅक्ट बुकांत. ही जमिनीच्या क्रमाने लावलेली सरकारी खातेवही. तिच्या प्रतिमा फॅमिलीसर्चवर आहेत. नावाने शोध लागेलच असं नाही. टाउनशिप-रेंज काढून पानं उलटावी लागतात. सातबारा आणि फेरफार चाळलेल्या माणसाला ते नवं नाही.

आणखी शक्यता:

- पाच वर्षं न थांबता एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लवकर नावावर करून घेता यायची. अशी फाइल 'रोख खरेदी'त सापडते, होमस्टेडमध्ये नाही.
- १८७३ च्या कायद्याने झाडं लावण्याच्या अटीवर आणखी १६० एकर मिळायचे. या 'ट्री क्लेम'वर राहायची अट नव्हती. एकाच माणसाच्या दोन-तीन फाइली असू शकतात.
- यादवी युद्धातल्या माजी सैनिकाला नोकरीची वर्षं पाचातून वजा करून मिळायची. दोन-तीन वर्षांतच सनद दिसली तर सैनिकी निवृत्तिवेतनाची फाइलही शोधा. ती सहसा आणखी जाड असते.
- दावेदार मध्येच वारला आणि विधवेने पुरावा दिला. तिच्या नावाने शोधा.
- त्यांनी सरकारी जमीन घेतलीच नाही. रेल्वे कंपनीकडून किंवा दुसऱ्या शेतकऱ्याकडून विकत घेतली. मग काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशा दोन सूची असतात, त्या दोन्ही पाहा. देणाराची बायकोही सही करते, तिचं नाव तिथे मिळतं.

८. जन्म, लग्न, मृत्यू

हे थोडक्यात, कारण इथे फार काही मिळत नाही. नेब्रास्कात जन्म-मृत्यूची राज्यपातळीवरची नोंद १९०४ पासूनची आणि लग्नांची १९०९ पासूनची. त्याआधीचे लग्नाचे परवाने काउंटीकडे. जन्मासाठी चर्चच्या वह्या, शाळेच्या पटनोंदी आणि बायबल.

वर्तमानपत्रं मात्र सोन्याची खाण. ब्रोकन बोच्या 'कस्टर काउंटी रिपब्लिकन'चे जुने अंक डिजिटल स्वरूपात वाचता येतात. निधनवार्ता तर वाचाच, पण कोण कुणाकडे रविवारी जेवायला गेलं, कुणाची गाय हरवली, अशी सदरंही वाचा. नातीगोती तिथे कळतात. नाव शोधताना स्पेलिंगच्या पाच-सहा तऱ्हा करून पाहा. यंत्राला जुना ठसा नीट वाचता येत नाही.

फाइंड अ ग्रेव्ह या संकेतस्थळावर थडग्यांचे फोटो मिळतात. दगडावर कोरलेलं आणि खाली कुणा स्वयंसेवकाने लिहिलेलं, यांत फरक करा. दगडावरचंही कधीकधी मुलांनी पन्नास वर्षांनी कोरून घेतलेलं असतं.

९. बुचरचे फोटो पाहा, पण डोळे उघडे ठेवून

या काउंटीला एक भाग्य लाभलं आहे. सॉलोमन बुचर नावाचा माणूस १८८० मध्ये इथे आला. शेतीत त्याचं मन रमलं नाही. १८८६ पासून तो घोडागाडीत कॅमेरा टाकून घरोघर फिरला आणि सॉडच्या घरांसमोर बसलेल्या कुटुंबांचे फोटो काढत सुटला. १८९९ मध्ये त्याचं घर जळालं, हस्तलिखितं गेली, पण काचेच्या निगेटिव्ह धान्याच्या कोठारात असल्यामुळे वाचल्या. त्या आज नेब्रास्काच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात. क्रिसमन घराण्यातल्या चार बहिणी, गुलामगिरीतून सुटून आलेलं शोअर्स कुटुंब, ओमोंचं दुमजली सॉडचं घर, हे सगळे त्यात आहेत. हिल्टन कुटुंबाचा फोटो माझा आवडता. बाईंना आपलं मातीचं घर माहेरच्यांना दाखवायचं नव्हतं, म्हणून घरातला ऑर्गन ओढून अंगणात आणला आणि त्याच्याभोवती सगळे उभे राहिले.

तुमच्या कुटुंबाचं नाव यादीत नसलं तरी त्याच टाउनशिपमधल्या शेजाऱ्यांचे फोटो पाहा. घर, गोठा, कपडे यांचा अंदाज येतो. पण फोटो म्हणजे साक्ष नव्हे. गुरांच्या मालकांच्या कुंपणाच्या तारा तोडणाऱ्या, तोंड झाकलेल्या शेतकऱ्यांचं त्याचं प्रसिद्ध चित्र घटनेनंतर कितीतरी वर्षांनी मुद्दाम उभं करून घेतलेलं आहे. निगेटिव्हवर कोरून गोष्टी घालायचाही त्याला नाद होता. कुणी 'हे आमचे पणजोबा' म्हणून फोटो पाठवला, तर जागा आणि वर्ष फाइलीशी ताडून पाहा.

१०. एकदा प्रत्यक्ष जा

ग्रँड आयलंडहून राज्य महामार्ग २ धरला की ब्रोकन बो येतं. तिथे काउंटीच्या इतिहास संस्थेचं संग्रहालय आहे आणि वंशावळीसाठी कागदपत्रंही आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. 'आमच्या घराण्याबद्दल काय आहे?' असं विचारू नका. 'या सेक्शनवर १८८४ ते १८९५ मध्ये कोण कोण होतं?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला कुणी फार तर एक फोल्डर काढून देईल, दुसऱ्याला खुर्ची ओढून शेजारी बसेल.

काउंटी साडेसहा हजार चौरस किलोमीटरहून मोठी, आणि आज वस्ती साडेदहा हजारांच्या आसपास. मुख्य रस्ता सोडला की फोनचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशा कागदावर घ्या. पाऊस पडून गेला असेल तर कच्च्या रस्त्यावर साधी मोटार नेऊ नका. ही लोएसची, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती ओली झाली की लोण्यासारखी सरकते. पाणी, टोपी, पूर्ण पॅन्ट. गवतात सापही असतात.

जमीन आता दुसऱ्या कुणाची तरी आहे. प्लॅट बुकात, म्हणजे जमिनींच्या नकाशांच्या पुस्तकात, आजच्या मालकाचं नाव मिळतं. आधी फोन करा. आम्हाला नकार मिळाला नाही, उलट म्हातारा मालक स्वतःची पिकअप घेऊन पुढे निघाला. सॉडचं घर दिसेल या आशेने जाऊ नका, ती केव्हाच पुन्हा माती झाली. जमिनीत एखादा चौकोनी खळगा दिसतो. जवळपास लायलॅकचं एकटंच झुडूप असेल तर ते कुणीतरी लावलेलं असतं. माळावर ते आपोआप येत नाही. आमच्या पाव सेक्शनच्या वायव्य कोपऱ्यात असं एक आहे. नातवाने त्याचा फोटो काढला आणि वहीतल्या त्या रिकाम्या ओळीसमोर चिकटवला. मी त्याला सांगितलं की याला पुरावा काही नाही. तो म्हणाला, म्हणून तर पेन्सिलीने लिहिलंय.

आणि एक. वाटेत गुरांची फाटकं लागतील. उघडं असेल तर उघडंच ठेवा, बंद असेल तर मागे फिरून बंद करा.